रेंज, रिचार्ज आणि राज्य : प्रस्तावना

धर्माबादहून बासरला सरस्वतीच्या दर्शनाला निघालं की देऊळ दिसण्याआधी मोबाइल सांगतो, तुम्ही महाराष्ट्र सोडलात. देगलूर-बिलोलीकडच्या काही शिवारांत त्यासाठी निघावंही लागत नाही. माणूस आपल्याच बांधावर उभा असतो आणि फोन तेलंगणातल्या टॉवरला चिकटलेला असतो. उदगीर-देवणीकडे हीच गंमत कर्नाटकाच्या बाजूने. आज ती गंमत आहे, कारण पैसे पडत नाहीत. रोमिंगचे दर लागत तेव्हा घरबसल्या परराज्यात गेल्याचा भुर्दंड बसायचा, येणाऱ्या कॉललासुद्धा. निजामाबादला दिलेली लेक, बीदरचा मामा, आदिलाबादचे सोयरे, ज्यांच्याशी हमेशा बोलायचं तेच महाग.

हा भुर्दंड कंपनीने लावला, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं दिल्लीत आहे. मोबाइलचे परवाने १९९०च्या दशकात दिले गेले ते ‘सर्कल’ नावाच्या तुकड्यांना. आपल्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे, मुंबई नाही. मुंबईचं सर्कल वेगळं. २ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशाची दोन राज्यं झाली, पण दूरसंचाराच्या नकाशावर तेलंगण अजून आंध्राच्याच सर्कलमध्ये आहे. मराठवाड्याला नकाशे बदलण्याची सवय आहे. १९४८पर्यंत निजाम, १९५६पर्यंत हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. लातूर तर १९८२पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. एवढे नकाशे बदलूनही रोटी-बेटीचा व्यवहार जुन्या वाटांनीच चालू राहिला आणि टेलिफोनच्या बिलात त्याचा दंड भरला गेला. पुढे दर उतरले ते काही कंपन्यांना पाझर फुटला म्हणून नव्हे. काही काम स्पर्धेने केलं, काही ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या मर्यादांनी.

हे पुस्तक त्या दुसऱ्या ‘काही’बद्दल आहे. दूरसंचारावर सरकारचं नियंत्रण असतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण कोणतं सरकार, कोणत्या कायद्याने, कशावर आणि कुठपर्यंत, हे विचारलं तर शिकलेली माणसंही ‘ते दिल्लीचं काम’ म्हणून हात झटकतात. खेड्यातला माणूस झटकत नाही. तो मोबाइलच्या दुकानदाराशी भांडतो. त्या दुकानदाराच्या हातात काहीच नसतं.

सुरुवात मालकीपासून करू. मोबाइल चालतो तो हवेतल्या लहरींवर, म्हणजे स्पेक्ट्रमवर. त्या कोणाच्या? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. क्रिकेटचे सामने कोणी दाखवायचे या भांडणातून एवढं मोठं तत्त्व निघालं, हा आपल्या न्यायव्यवस्थेचा खास गुण. स्पेक्ट्रम गावच्या गायरानासारखा आहे. सातबारावर नाव सरकारचं, हक्क सगळ्या गावाचा, आणि कोणाला किती दिवस वापरायला द्यायचं यावरून कायमची कटकट. २००८मध्ये दिलेले १२२ परवाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने रद्द केले, तेव्हा टू-जी हा शब्द पारावर पोहोचला. रद्द होण्याचं कारण पैशाइतकंच पद्धतीचं होतं. सार्वजनिक मालमत्ता वाटताना ‘आधी येईल त्याला आधी’ चालत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

कायदा मात्र याहून खूप जुना. भारतीय तार कायदा १८८५चा. तो झाला तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या मुलखात होते. त्या कायद्याचं सूत्र सोपं होतं, तारेने निरोप पाठवण्याचा एकाधिकार सरकारचा, बाकीच्यांनी परवाना घ्यायचा. १९३३मध्ये बिनतारी यंत्रांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय वायरलेस संच नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं. स्वातंत्र्य आलं, निजाम गेला, तार सेवा बंद पडली, तरी १८८५चं सूत्र जिवंत राहिलं. डिसेंबर २०२३च्या नव्या दूरसंचार कायद्यातही ते आहेच, भाषा तेवढी नवी.

परवान्याची ही कडक पद्धत किती उपयोगी आणि किती जाचक, याचा विचार करायला आपल्याला लांब जावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. भूकंपात किल्लारी आणि आसपासची गावं दगड-मातीखाली गेली, हजारो माणसं गेली. देशात मोबाइल यायला अजून दोन वर्षं होती. खेड्यात टेलिफोन म्हणजे पोस्टात किंवा एखाद्या वाड्यात, आणि वाडाच पडला तर फोन कुठला? अशा वेळी निरोपांची ने-आण करायला हॅम रेडिओचे हौशी चालकही धावले. त्यांच्याकडे संच होते, कारण परीक्षा देऊन त्यांनी केंद्र सरकारचा परवाना मिळवलेला होता. प्रत्येकाला नेमून दिलेलं सांकेतिक नाव होतं, कोणत्या लहरीवर कसं बोलायचं याची शिस्त होती. नियमनाची ती चांगली बाजू. वाईट बाजू अशी की एवढ्या मोठ्या मुलखात अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच असायची, कारण वायरलेसकडे पाहण्याची सरकारची नजर पहिल्यापासून संशयाची.

आज चित्र वेगळं आहे. २१ मार्च २०२४च्या सकाळी नांदेड, हिंगोली, परभणीत जमीन हलली आणि पहिल्या काही मिनिटांत प्रत्येकाने प्रत्येकाला फोन लावला. अशा वेळी जाळं तुंबतं. म्हणून टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांवर एकदम इशारा पाठवण्याची व्यवस्था उभी राहते आहे. २०२३मध्ये अनेकांचे फोन अचानक कर्कश वाजले आणि घाबरगुंडी उडाली, ती तिचीच चाचणी होती. आपत्तीत खासगी जाळं ताब्यात घेण्याचा अधिकारही नव्या कायद्याने सरकारला दिला आहे. किल्लारी पाहिलेल्या माणसाला त्यात वावगं वाटणार नाही. पण ज्या कलमात आपत्ती आहे, तिथेच ‘सार्वजनिक सुरक्षितता’ही आहे, आणि त्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

टेलिफोन खातं सर्वेसर्वा होतं तो काळ मी थोडक्यात उरकतो, कारण तो सगळ्यांच्या घरात कोणी ना कोणी सांगतोच. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणं, खासदाराच्या शिफारशीची चिठ्ठी, ट्रंक कॉल, मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आणि रात्री उशिरा दर उतरले की तिथली रांग. १९९४मध्ये नवं धोरण आलं, ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात, येणाऱ्या कॉललाही पैसे. खासगी कंपन्या आल्या, आणि प्रश्न उभा राहिला की खातं स्वतःच दुकानदार, स्वतःच परवाना देणारं आणि स्वतःच तंटा सोडवणारं असेल तर दुसऱ्या दुकानदाराला न्याय कोण देणार? म्हणून १९९७मध्ये ट्राय स्थापन झाली. लवकरच सरकार आणि ट्राय यांच्यातच न्यायालयात जुंपली. २०००मध्ये कायदा बदलून तंटे सोडवण्याचं काम ट्रायकडून काढून टीडीसॅट या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे दिलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बीएसएनएल जन्मली, म्हणजे दुकान खात्यापासून वेगळं झालं, निदान कागदोपत्री.

मी ‘कागदोपत्री’ म्हणतो त्याला कारण आहे. आज मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या चार उरल्या. एक, बीएसएनएल, पूर्ण सरकारी. दुसरी, व्होडाफोन आयडिया, तिच्या थकबाकीचं भागभांडवलात रूपांतर होता होता २०२५मध्ये सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या जवळ गेला. म्हणजे स्पेक्ट्रम विकणारं सरकार, परवाना देणारं सरकार, दोन कंपन्यांत पैसा असलेलं सरकार आणि फोन ऐकण्याचा, बंद करण्याचा अधिकार असलेलंही सरकारच. माझं या विषयातलं मुख्य म्हणणं एवढंच आहे. दूरसंचारात सरकार एकाच वेळी इतक्या भूमिकांत असतं की आपण तक्रार घेऊन गेलो ते त्यातल्या कोणाकडे, हे ओळखता आलं तर निम्मं काम होतं. ओळखता आलं नाही तर नांदेडचा माणूस ट्रायला पत्र लिहितो, ट्राय ते कंपनीकडे पाठवते, आणि कंपनीचं छापील उत्तर येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. कायद्याने तो अधिकार तिला दिलेलाच नाही. देशातल्या बहुसंख्य ग्राहकांना हे माहीत नसावं, ही ट्रायच्या प्रसिद्धीची नामुष्की आहे.

मग ट्राय करते काय? बरंच काही, आणि बहुतेक नजरेआड. मे २००३पासून येणारे कॉल फुकट झाले आणि त्यातून मिस्ड कॉलची एक आख्खी बोली जन्मली. ‘पोहोचलो की मिस कॉल मारतो’ हे वाक्य त्या निर्णयाशिवाय शक्य नव्हतं. पण फुकट म्हणजे हिशेब मिटला असं नाही. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावी, तेव्हा पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे काही पैसे देई. २०१७मध्ये ते १४ पैशांचे ६ झाले. २०१९मध्ये कंपन्यांनी एक युक्ती काढली, घंटी वाजण्याचा वेळच कमी केला. शेतात कामाला असलेल्या माणसाने बंडीत हात घालेपर्यंत घंटी बंद. तो उलट फोन लावणार, म्हणजे पैसे देणारी कंपनी घेणारी होणार. त्या नोव्हेंबरात ट्रायने नियम केला, मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजलीच पाहिजे, लँडलाइनची ६०. १ जानेवारी २०२१पासून ते ६ पैसेही शून्य झाले आणि युक्तीतला अर्थच गेला. आपल्या खिशातली घंटी किती वेळ वाजते यालाही कायदा आहे, हे कळल्यावर नियमन हा शब्द जरा जवळचा वाटतो.

रिचार्जचं तसंच. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी लेकरू खोली करून ठेवलेल्या घरातली बाई तालुक्याच्या दुकानात येते. हातात बटणांचा फोन.

‘मला नेट काय करायचंय रे बाबा? लेकराशी बोलायचंय नुसतं.’

‘मावशी, सगळ्या पॅकला नेट असतंच. नका वापरू.’

‘मग पैसे कशाचे घेतूस?’

या प्रश्नाला बरीच वर्षं उत्तर नव्हतं. त्यातून पॅक २८ दिवसांचा, म्हणजे बारा महिन्यांत तेरा रिचार्ज. पगार महिन्याने, भाडं महिन्याने, फक्त मोबाइलचा महिना चार आठवड्यांचा. जानेवारी २०२२मध्ये ट्रायने सांगितलं की ३० दिवसांचाही पॅक ठेवावाच लागेल. डिसेंबर २०२४मध्ये सांगितलं की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅकही ठेवावा लागेल, आणि विशेष पॅकची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल. मावशींचा प्रश्न दिल्लीपर्यंत पोहोचला म्हणायचा. पण पोहोचला तो अर्धाच. पॅक ठेवा हे ट्राय सांगते, किती रुपयांना हे सांगत नाही. मोबाइलचे दर बाजारावर सोडण्याचं धोरण वीसएक वर्षांपासून आहे. बारा कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या तेव्हा ते धोरण ग्राहकाच्या पथ्यावर पडलं. आता कंपन्या चार, त्यांतल्या दोन धडधाकट. जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले, ओरड झाली, तेव्हा सरकारने दर बाजार ठरवतो म्हणून हात वर केले. हे धोरण पुन्हा तपासायची वेळ आली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रायचे हात कुठे बांधलेले आहेत हेही पाहायला हवं. २०१५च्या ऑक्टोबरात तिने नियम काढला, कॉल मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई, दिवसाला तीन कॉलपर्यंत. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मे २०१६मध्ये नियम मनमानी ठरून रद्द झाला. त्यानंतर थेट ग्राहकाच्या हातात भरपाई देणारा मोठा नियम यायला २०२४ उजाडलं, आणि तो जिल्ह्याशी बांधलेला आहे, म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. जिल्ह्यातली सेवा ४ तासांहून अधिक ठप्प राहिली तर कंपनीने ट्रायला कळवायचं. २४ तासांहून अधिक राहिली तर त्या जिल्ह्यातल्या पोस्टपेड ग्राहकाच्या भाड्यात सूट द्यायची, प्रीपेडवाल्याची मुदत वाढवायची. नैसर्गिक आपत्ती यातून वगळली आहे. एकट्या गावाचा एकटा टॉवर बंद पडला तर हा नियम लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवा. तरीसुद्धा आजवर ज्या व्यवस्थेने नांदेडला ‘महाराष्ट्र सर्कल’च्या सरासरीत बुडवलं, तिला पहिल्यांदा जिल्हा दिसला. पुण्याचं भारी जाळं आणि माहूरचं विरळ जाळं यांची सरासरी काढली की कागदावर सगळं आलबेल असतं. कव्हरेजचे नकाशे कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर लावायचे, हेही त्याच नियमांत आहे. आपलं गाव त्या नकाशावर रंगलेलं असेल आणि घरात रेंज नसेल, तर तो नकाशा हाच पुरावा.

रेंज नसणं ही आता गैरसोयीची बाब राहिलेली नाही. रेशनच्या दुकानातलं ई-पॉस यंत्र अंगठा घेतं ते जाळ्यावर. २०२१पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करायची आहे. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहून काढायचा आणि मग तो वर चढवण्यासाठी रेंज शोधत हिंडायचं. किनवटच्या जंगलपट्टीत, कंधार-मुखेडच्या तांड्यांवर हे काय प्रकरण असतं ते नोंद चुकल्यावर कळतं. जिथे धंदा परवडत नाही तिथे जाळं न्यायला पैसा असतो. कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के वाटा सार्वत्रिक सेवेच्या निधीत जातो, त्याचं नाव आता डिजिटल भारत निधी. तो शेवटी आपल्या रिचार्जमधूनच जातो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११मध्ये मंजूर झाली, आज ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. फायबर गावात पोहोचणं आणि चालू असणं यांत किती अंतर असतं, हे ग्रामसेवकांना विचारा. तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्गासारखी रुंदीकरणाची कामं निघाली की जेसीबीच्या दातात केबल येते. खोदण्याआधी कळवा, अशी सोय करणारं अ‍ॅप केंद्राने मार्च २०२३मध्ये आणलं. जेसीबीवाल्याला ते माहीत आहे का, एवढाच प्रश्न.

टॉवरवरून दोन गोष्टी घाईने सांगतो. ‘तुमच्या शेतात टॉवर बसवू, महिन्याला अमुक भाडं, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे फोन आणि जाहिराती आल्या तर ती फसवणूक समजावी. ट्राय किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी कोणाकडून पैसे घेत नाही, ना-हरकत पत्रही देत नाही. शिक्के-सह्यांची खोटी पत्रं दाखवून सोयाबीनचे पैसे नेल्याच्या कहाण्या आपल्याकडे कमी नाहीत. दुसरं, किरणोत्सर्गाची भीती. १ सप्टेंबर २०१२पासून आपल्या देशातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, आणि शंका असेल तर शुल्क भरून सरकारी मोजणी करून घेता येते. अफवेपेक्षा ती स्वस्त पडते.

तक्रारीचा रस्ता पुस्तकात सविस्तर आहे, पण त्यातला एक धागा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, १९८वर; क्रमांक घ्यायचा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा. तिथेही नाही झालं तर पूर्वी लोक ग्राहक मंचात जात. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८८५च्या कायद्यातल्या एका कलमावर बोट ठेवून ती वाट अडवली. टेलिफोनच्या वादासाठी लवाद नेमण्याची तरतूद तिथे आहे, म्हणून ग्राहक मंच नको, असा तो निकाल. टीडीसॅट एकट्यादुकट्या ग्राहकाचं ऐकत नाही. म्हणजे लातूरच्या माणसाने चुकीच्या बिलासाठी जायचं कुठे? मग अहमदाबादच्या एका ग्राहकाचं प्रकरण वर गेलं. महिन्याला २४९ रुपयांच्या प्लॅनवर त्याला २४ हजार ६०९ रुपयांचं बिल आलं होतं, २०१३मध्ये. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की दूरसंचार ही सेवाच आहे आणि ग्राहकाला ग्राहक आयोगात जाता येतं. नांदेडला जिल्हा आयोग आहे, लातूरला आहे. २०१९च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. एवढी सोपी वाट असताना माणसं ‘जाऊ द्या, दोनशेच रुपये’ म्हणतात. कंपन्यांचा हिशेब त्या ‘जाऊ द्या’वर चालतो.

आता सरकारची चौथी भूमिका, फोन ऐकण्याची आणि बंद करण्याची. गंमत म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी देशाला गृहमंत्री दिले: नांदेडचे शंकरराव चव्हाण १९९१ ते १९९६, लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर २००४ ते २००८. फोन ऐकण्याच्या आदेशाची वाट गृहखात्यातून जाते, म्हणून हे सांगितलं. डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फोनवरचं बोलणं हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे आणि आदेश गृहसचिवाच्या पातळीवरूनच निघावा. ते नियमांत पक्कं व्हायला २००७ उजाडलं. डिसेंबर २०२४मध्ये नवे नियम आले. मुदत ६० दिवस, जास्तीत जास्त १८०, आणि आदेश तपासायला पुनर्विलोकन समिती. त्या समितीत सचिवच असतात, न्यायाधीश नाही. ज्याने आदेश काढायचा आणि ज्याने तपासायचा ते एकाच मजल्यावर बसणारे. मला हे पटत नाही, आणि पक्ष कोणताही सत्तेत असो, पटणार नाही.

इंटरनेट बंदीही त्याच घरची. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये जाळपोळ झाली आणि बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरच्या भागांत इंटरनेट थांबवलं गेलं. सोयाबीन बाजारात यायचे ते दिवस. बंदीने अफवा थांबतात असं प्रशासन म्हणतं. पण भावही कळत नाहीत, यूपीआयही थांबतं, दवाखान्याचे पैसेही अडकतात. ज्या मुलखात रोकड कमी करा म्हणून सरकारनेच सांगितलं, तिथे सरकारच एका आदेशाने खिसा रिकामा करतं. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. नोव्हेंबर २०२४च्या नियमांत कारण, क्षेत्र, मुदत लिहून आदेश प्रसिद्ध करायची अट आली, कमाल मुदत १५ दिवस. आपल्या जिल्ह्यात असा आदेश निघाला तर तो मागून वाचावा. तो वाचणं गुन्हा नाही.

२०२३चा कायदा मात्र फार कमी चर्चेने आला. डिसेंबरात तो मंजूर झाला तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून १४०हून अधिक खासदार निलंबित होते. १३८ वर्षांच्या कायद्याची जागा घेणाऱ्या कायद्याला हे शोभलं नाही. त्यात चांगलंही आहे: बनावट कागदांवर सिम घेणाऱ्याला कडक शिक्षा, रस्त्याकडेने जाळं नेण्याची सोपी पद्धत. सरकारचं संचार साथी हे संकेतस्थळही कामाचं. आपल्या नावावर किती सिम आहेत ते तिथे दिसतं (मर्यादा ९ची), हरवलेला फोन बंद करता येतो. पण २०२५च्या नोव्हेंबरअखेर त्याचं अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून देण्याचा आदेश निघाला, गदारोळ झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे घ्यावा लागला. मदत करणारा हात आणि पाळत ठेवणारा हात एकाच बाहीत असला की लोक बिचकतात, हे सरकारला एकदा कळलं हे बरं झालं.

उपग्रह इंटरनेट, सहाव्या पिढीचं तंत्र, कंपन्यांच्या थकबाकीचे खटले, यांना पुस्तकात थोडकीच जागा आहे. ते महत्त्वाचे नाहीत असं नव्हे, पण वाचकाला उद्या सकाळी लागणार नाहीत. नको असलेल्या फोनांवर आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्यावर मात्र भरपूर पानं खर्च केली आहेत. १४०ने सुरू होणारा क्रमांक जाहिरातीचा, १६००ने सुरू होणारा बँक-विम्याचा, आणि साध्या दहा आकडी नंबरवरून कर्ज देऊ करणारा नियम मोडतो आहे, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवलं तरी बरीच लुबाडणूक टळेल.

शेवटी एक विनंती. ट्राय कोणताही मोठा नियम करण्याआधी सल्लामसलतीचा मसुदा जाहीर करते आणि कोणीही नागरिक त्यावर म्हणणं पाठवू शकतो. २०१५मध्ये काही संकेतस्थळं फुकट आणि बाकीची विकत अशी योजना पुढे आली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी तिने इंटरनेटच्या दरांतला असा भेदभाव बंद केला. ते ईमेल बहुतांशी मोठ्या शहरांतल्या इंग्रजी जाणणाऱ्यांचे. तांड्यावरची रेंज, सीमेवरचा टॉवर, बटणांच्या फोनचा पॅक यांवर त्या शहरांतून कोणी लिहिणार नाही. पुढचा मसुदा निघेल तेव्हा देगलूर, उदगीर, किनवट, औसा इथून पत्रं जायला हवीत. इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नका. गावाचं नाव, टॉवर केव्हा बंद होता आणि तक्रारीचा क्रमांक, एवढं मराठीत लिहून पाठवा.